दगडांचा नकाशा

ऊन डोक्यावर आलं तरी मैदानात एक माणूस फिरकला नाही. होते फक्त मी, मोजायचा टेप आणि फक्कीची गोणी. फक्की म्हणजे रेघा मारायची पांढरी भुकटी.

लोह्याजवळच्या एका गावात आठवडी बाजारासाठी पक्के ओटे बांधायचे होते. नांदेडच्या आमच्या ऑफिसात ड्रॉइंग तयार होतं. सरळ रांगा, प्रत्येक ओट्याला दोन्ही बाजूंनी भिंत. मी सरांना म्हटलं, जागा कागदावर ठरत नाही, वापरणारे मिळून ठरवतात. बाजारात बसणाऱ्या बायकांना आधी मैदानात आपापल्या जागी उभं करू, मग रेघा मारू.

"थिअरी आहे ती," सर हसले. "एक दिवस घे. कोणी आलं नाही तर सोमवारी हेच ड्रॉइंग जाईल."

गेल्या बाजारी मी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता मैदानात नुसते दगड. लातूरचं घर सोडून मी नांदेडला एकटी राहते, एकटेपणाची सवय झालीय असं वाटायचं. त्या दिवशी भर उन्हात रडू आलं.

शेवटी भाजी विकणाऱ्या सखूबाई शेळी घेऊन तिकडून निघाल्या.

"मावशी, कोणीच आलं नाही."

"आलो की सकाळीच, तुमी यायच्या आधी. दगड ठिवून गेलोत. रानात खुरपण चालू हाय, दिसभर हितं उभं राहून कसं जमंल?"

एसटीत रुमाल टाकतात, तसा हा दगड. मी नीट पाहिलं. दगड जोडीजोडीनं होते, खेटून.

"एवढे जवळ का?"

"मी पाण्याला गेले तर माझं गिऱ्हाईक शेजारची शेवंता बघती. मधी भिंत घातल्यावर तिला काय दिसंल?"

मी प्रत्येक दगडाभोवती फक्की टाकली, मापं घेतली, फोटो काढले. सरांनी ते बराच वेळ पाहिले.

"भिंती काढून टाक," म्हणाले.

ओटे झाल्यावर पहिल्या बाजाराला मी मुद्दाम गेले. कोणी ओळखेल, चहा विचारेल, अशी आशा होती. बाजार गच्च भरलेला. सखूबाई मेथीच्या जुड्या रचत होत्या, शेजारची शेवंता त्यांच्या गिऱ्हाइकाला सुटे देत होती. मी समोर उभी राहिले.

"बाई, जरा सरका," सखूबाई मान वर न करता म्हणाल्या. "गिऱ्हाईक येऊन राहिलंय."

मी सरकले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मेथीची एक जुडी घेतली. एकटीला तीही जास्तच होते. लोकांनी मिळून जागा ठरवली की तिच्यात प्लॅनरसाठी जागा उरत नाही. उरलीच, तर ड्रॉइंग चुकलं समजावं.