पाच नंबरच्या टेबलाचा मेमो

सकाळी लॅब उघडली की काका पंखेसुद्धा नंतर लावत. आधी दहाही टेबलांपुढून चालत जात आणि प्रत्येक पॉवर सप्लायचे दोन्ही नॉब डावीकडे, पार शून्यापर्यंत फिरवत. गावाला निघालेला माणूस गॅस बंद केलाय ना म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येतो, तसा चेहरा करून.

"काल मीच शून्यावर आणले होते," ते म्हणत, "पण माझ्यावर लय भरवसा ठेवू नये."

नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्सचे लॅब असिस्टंट होते. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सर शिकवतात आणि खरं कामाचं हा सांगतो. दिंडोरीजवळच्या गावाहून ते रोज मोपेडवर येत. घरी भावाबरोबर थोडी द्राक्षबाग होती, त्यामुळे वीजही ते पाण्यासारखीच समजावत.

"ह्या नॉबनं व्होल्ट ठरतात. ह्यानं करंट जास्तीत जास्त किती सोडायचा ते. वायर जोडायच्या आधी दोन्ही ठरवायचं. बागेत मोटर चालू करून मग व्हॉल्व्ह शोधत फिरतो का आपण? नळ्या फाटतील."

मग आउटपुट बंद ठेवून लाल वायर, काळी वायर. सप्लायवरचा आकडा एकदा मीटरनं तपासायचा. करंटचा लाल दिवा लागला तर विचार नंतर, बंद आधी. एका मुलानं चालू सप्लायवर वायर बदलली तेव्हा काका त्याला काही बोलले नाहीत. खुर्ची आणून शेजारी बसले आणि तास संपेपर्यंत त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्या मुलाला ओरडा परवडला असता.

मी इंग्रजी शाळेतली. मला बोलण्यापेक्षा बघणं जमतं. वर्षभरात मी काकांशी मोजून चार वाक्यं बोलले असेन. तरी पाच नंबरचं टेबल काका माझ्यासाठी मोकळं ठेवत, कारण ते खिडकीजवळ, कोपऱ्यात होतं. मी कधी मागितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी कॉलेजची बस सुटायला आली म्हणून मी वायर काढून पळाले. माझा सप्लाय तीस व्होल्टवर तसाच राहिला, आउटपुटही चालू. पुढच्या बॅचच्या मुलीनं तिचा प्रोजेक्टचा बोर्ड त्याला जोडला. बोर्डाला पाच व्होल्ट हवे होते. तिचं अख्ख्या सत्राचं काम टिचकीसारखा आवाज करून जळालं.

दोन बॅचच्या मध्ये सप्लाय बघायचं काम काकांचं. ते तेव्हा स्टोअरमध्ये वायरी आणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख सरांनी आमच्या सगळ्यांसमोर त्यांना दहा मिनिटं फैलावर घेतलं.

"माझ्याकडून राहिलं, सर," काका म्हणाले.

मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

त्यांना मेमो मिळाला. काका करारावर होते. दर जूनमध्ये करार वाढवताना फाईल उघडत, आणि मेमो असलेल्या एका शिपायाचा करार मागच्या वर्षी वाढला नव्हता, ते सगळ्यांना माहीत होतं. घरी मी कुणाला सांगितलं नाही. जेवताना आई विचारायची, "बरं नाही का गं?" मी म्हणायचे, असाइनमेंट आहे.

बाराव्या दिवशी मी मधल्या सुट्टीत लॅबमध्ये गेले. काका डबा खात होते.

"काका, तो सप्लाय... मी चालू ठेवला होता."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. पाचावर दुसरं कोण बसतं?"

"मग सरांना सांगितलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." त्यांनी मिरचीचं देठ बाजूला काढलं. "लय दिवस लावले ताई. आता मला सांगून काय उपयोग, मला माहीतच हाय. सरांना सांग." मग जरा हळू, "आणि मी बघितलं नाय, ते माझंच. तेवढं खोडू नको."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं इंग्रजीतून सांगितलं. सर हसले. पुढच्या वेळी काळजी घे, म्हणाले. दोन वाक्यं. काकांना दहा मिनिटं मिळाली होती. मी दाराशी पोचले होते, तिथून परत फिरले. म्हटलं, "सर, मग त्यांचा मेमो?"

सरांनी पेनचं टोपण लावलं. "बघतो," म्हणाले.

त्या मुलीचीही मी माफी मागितली. नवा बोर्ड आम्ही दोघींनी मिळून जोडला. ती माझ्याशी आठवडाभर फक्त "सोल्डर दे" एवढंच बोलली. ते मला पटलं.

काकांचा करार त्या जूनमध्ये वाढला, आणखी दोन वेळा वाढला. मग गुडघ्यांनी मोपेड जमेना, तेव्हा ते आपणहून थांबले. आता बाग बघतात. लॅबमध्ये नवा मुलगा आहे, हुशार आहे, पंखे आधी लावतो.

मला मात्र काका दिसतात ते एका प्रॅक्टिकलच्या मधोमध, हातात पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आलेले. ऑफिसमधून इंग्रजीत पत्र आलं होतं. मेमो मागे घेतलाय की दुसरा दिलाय, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ऑफिसात विचारायची हिंमत झाली नव्हती. कागदाची घडी त्यांनी माझ्यासमोरच उलगडली.

मी मराठीत सांगितलं, "मेमो रद्द केलाय, काका. फाईलमधूनही काढलाय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळी बॅच टेबलांवर होती, तीच, सर त्यांना बोलले तेव्हा होती ती.

"मग जरा उभी राहून मोठ्यानं वाच," काका म्हणाले.