बावीस दातांचं फ्रीव्हील

बडनेऱ्यात रुळांच्या अलीकडे धर्मपालचं घर आणि पलीकडे त्याचं सगळं गिऱ्हाईक. मध्ये रेल्वेवरचा पूल. चाकू-कात्र्यांना धार लावत फिरणारा हा माणूस जवानीपासून तो पूल सायकलवर बसूनच चढत आला. मागच्या उन्हाळ्यापासून मात्र अर्ध्या चढावरच उजवा गुडघा ठणकायला लागला. "सोडून द्या तिकडचं," बायको पंचफुला म्हणायची. पण अलीकडच्या वस्तीत टेलर किती अन् न्हावी किती? तिकडचं सोडायचं म्हणजे धंदाच सोडायचा.

शेवटी तो ललितच्या सायकल दुकानात गेला. ललितनं मागच्या चाकाचं अठरा दातांचं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, काढून बावीसचं बसवलं आणि चेन थोडी वाढवली.

"पाय जास्त फिरतीन, पण जोर कमी लागन," तो म्हणाला. "आता काकूले मांगं बसवून चढा."

"ते बसली त तुह्या पुलालेच धक्का लागन."

दुसऱ्या दिवशी पूल खरंच नरमला. गुडघा गप्प होता. धर्मपाल वर पोचला तेव्हा त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

पहिलं काम गीतांजलीच्या शिवणाच्या दुकानात. त्यानं सायकल स्टँडवर लावली, मागच्या चाकावरचा पट्टा दांडीवरच्या दगडाला जोडला आणि नेहमीच्या लयीत पायडल मारू लागला. दगड फिरला, पण सुस्त. ठिणग्या उडण्याआधीच विझत होत्या.

गीतांजलीनं चिंधीवर कात्री चालवून पाहिली. "भाऊ, हे कापून नाही, चावून राहिली. कात्रीले दात बसवले काय?"

"सायकलले बसवले," तो म्हणाला.

आणि बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं. पायडलच्या एका फेऱ्यात चाक आता कमी फिरत होतं. चाक कमी म्हणून दगडही कमी. चढाचा विचार करताना दगडाचा विचार ना त्यानं केला होता, ना ललितनं. मग त्यानं पाय पळवायला सुरुवात केली. धार आली. पण चौथ्या कात्रीला दम लागला आणि पुढचे न्हावी तर अजून बाकीच होते. तो पायरीवर बसला. गीतांजलीनं पाणी आणून ठेवलं.

संध्याकाळी ललित म्हणाला, "दगडाची पुली लहान करून घेऊ न."

"पट्टा घसरते मंग. करून पायलं मी. जुनंच बसव."

"अन् पूल?"

धर्मपालनं जुनं फ्रीव्हील उचलून त्याच्या हातात दिलं.

सकाळी पुलाच्या पायथ्याशी तो खाली उतरला आणि हँडल धरून सायकल ढकलू लागला. दगडाचं वजन बसून कधी कळलं नव्हतं, ते आता मनगटात उतरलं. बाजूनं जाणाऱ्या स्कूटीवाल्यानं वेग कमी केला.

"काका, पंक्चर झाली काय?"

"हो गा," धर्मपाल म्हणाला आणि ढकलत राहिला.