कुणीही घ्या म्हणणारे साडूभाऊ

माणसाला धक्का बसायला उघडी वायर लागते असं ज्यांना वाटतं, त्यांची आमच्या साडूभाऊंशी गाठ पडलेली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, हे यजमान. सव्वीस वर्षं मी त्यांना ओळखतो आणि या सव्वीस वर्षांत त्यांच्या घरून मी गेलो तसा परत आलो, असं एकदाही झालेलं नाही. चितेगावच्या एका कारखान्यात ते पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. बावन्नाव्या वर्षी कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती पुढं केली, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी कुणी प्लॉट घेतला, कुणी पिठाची गिरणी टाकली. साडूभाऊंनी एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि एक माइक घेतला आणि आक्कांना सांगितलं, "आता म्या रिमिक्स करणार." आक्का जेवायचं वाढत होत्या. त्यांनी वाढायचं थांबवलं नाही, पण त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

पंचवीस वर्षं प्रेसजवळ उभं राहून त्यांच्या कानात ठेका असा मुरला आहे की जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आधी ऐकू येते आणि मग दिसते. टाकी भरून वाहायला लागली की आजूबाजूचे लोक मोटार बंद करायला धावतात. साडूभाऊ माइक घेऊन धावतात. आमच्याकडं आले की पाहुण्यांना नमस्कार करायच्या आधी ते फ्रिजपाशी डोळे मिटून उभे राहतात. आमचा फ्रिज जुना आहे, थांबताना खोकतो, आणि तो खोकला त्यांना फार आवडतो. एकदा मी जिना चढून त्यांच्या दारात पोचलो, तर आतूनच म्हणाले, "साडूभाऊ, आज मिनिटाला एकशे दहानं चढलात. बीपीची गोळी घेतली नाय का?" मी खरोखरच घेतली नव्हती. डॉक्टरला जे यंत्र लावून कळतं ते या माणसाला चपलांवरून कळावं, याचा मी अर्धा तास धसका घेऊन बसलो होतो.

पण खरा हादरा फुलंब्रीला बसला. मी शिकवतो त्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या लेकाचं लग्न होतं. वरात निघाली, गाडीवरचे स्पीकर सुरू झाले आणि गाण्याच्या तळातून एक खोल, ओला, घरघरता आवाज येऊ लागला. त्या आवाजावर दोनेकशे माणसं उड्या मारत होती. शेजारी माझी बायको चालता चालता थांबली. तिनं कान दिला, माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हे तुम्ही आहात." मला काही कळेना. "तुमचं घोरणं आहे हे. इतकी वर्षं ऐकतेय, मला नाही कळणार?" महिन्यापूर्वीच्या रविवारी साडूभाऊंकडं जेवून त्यांच्या दिवाणावर मी तासभर पडलो होतो, ते मला आठवलं, आणि उशाशी ठेवलेला त्यांचा माइकही. नवरदेवाचे काका माझा हात धरून मला नाचायला ओढत होते. स्वतःच्या घोरण्यावर नाचायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायला गेलो. साडूभाऊ उलट खूश. "लई भारी बेस आहे तुमचा. कुठल्याच मशीनमधून असा निघत नाय."

"पण विचारायचं तरी एकदा," मी म्हणालो.

मला वाटलं होतं ते हसतील. ते बराच वेळ लॅपटॉपचं झाकण बोटानं पुसत राहिले. "व्हय," म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं." संध्याकाळी ते एक कागद लिहून घेऊन माझ्या घरी आले. ‘मी माझे घोरणे सर्वांच्या वापरासाठी राजीखुशीने देत आहे.’ त्यावर मी सही केली. बायकोनं साक्षीदार म्हणून केली.

तिथून त्यांना कागदाचं वेड लागलं. ज्याचा आवाज घ्यायचा त्याची आधी लेखी परवानगी. गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याला त्यांनी भर रस्त्यात थांबवून कागद पुढं केला, तेव्हा तो बिचारा घाबरला. "मेरे कू काय कू फसा रे साहब," म्हणत गाडी सोडून मागं सरकला. त्याला दोन चहा पाजल्यावर त्यानं सही केली आणि वर तीन वेगवेगळ्या आरोळ्या दिल्या. सिनेमाच्या गाण्यांना मात्र साडूभाऊंनी कधी हात लावला नाही. वरातीसाठी गाणी करून घेणारे लग्नवाले फार मागं लागले की ते म्हणत, "ते दुसऱ्याचं आहे. त्यानं दिलं नाय तर आपण घ्यायचं नाय. आपलं आहे ते कुणाला अडवायचं नाय. मला एवढाच कायदा कळतो." आणि इंटरनेटवर टाकलेल्या प्रत्येक गाण्याखाली ते एकच मजकूर लिहीत: ‘कुणीही घ्या. वाजवा, तोडा, जोडा. माझं नाव टाका, नाय तर नका टाकू. फक्त घेतल्यावर दुसऱ्याला अडवू नका.’

त्यांची दोनशेच्या वर गाणी अशी मोकाट फिरत होती. त्यातलं सगळ्यात लांब गेलं ते त्यांच्या वडिलांचं. वडील जलशात, म्हणजे गावोगाव प्रबोधनाची गाणी नेणाऱ्या शाहिरांच्या फडात, गायचे. सिल्लोड, अजिंठा या बाजूची गावंच्या गावं त्यांनी डफ घेऊन पायी पालथी घातली होती. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात उरली होती. साडूभाऊंनी ती साफ केली, खाली प्रेसचा ठेका घातला आणि एका जयंतीच्या आधी इंटरनेटवर सोडून दिली.

‘अक्षर येच गं बाई, जशी कापसाची बोंडं
शिकल्याबिगर सुटंना, बांधलेलं हे तोंड’

मिरवणुकीत ते वाजलं. शाळांच्या गॅदरिंगमध्ये मुली त्यावर नाचल्या. मेलेला माणूस तीस वर्षांनी परत गावोगाव हिंडायला लागला, आणि साडूभाऊ कुठं लांबून ते गाणं ऐकू आलं की बोलणं थांबवून, संपेपर्यंत उभे राहत.

मग एका दुपारी मला शाळेत त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, या जरा. माझा बाप चोरीला गेला."

मी गेलो. ते गाणी टाकत त्या वेबसाइटकडून लॅपटॉपवर इंग्रजीत एक पत्र आलं होतं. मी ते त्यांना मराठीत सांगितलं. या गाण्यातला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, मालकानं हरकत घेतली आहे, म्हणून गाणं काढून टाकलं आहे. अशा तीन हरकती झाल्या की तुमची सगळी गाणी कायमची जातील. हे गाणं साडूभाऊंनी तीन वेगवेगळ्या रूपांत टाकलं होतं. एक हरकत आलेली होती, दोन यायच्या होत्या.

"मालक म्हणजे?" साडूभाऊंनी विचारलं.

मी पत्रातलं नाव वाचलं. सिल्लोडच्या एका फोटो स्टुडिओचं होतं. झालं होतं असं, की स्टुडिओवाल्यानं हे गाणं उतरवून घेतलं आणि आपल्या नावानं नोंदवलं. आता जिथं जिथं ते वाजेल तिथं तिथं वेबसाइटचं यंत्र आपोआप जाऊन पकडत होतं, आणि पकडता पकडता ते खुद्द साडूभाऊंपर्यंत पोचलं होतं. तेवढ्यात पैठणकडच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलींच्या नाचाचा व्हिडिओ मुका झाला होता. "तुम्ही कुणीही घ्या म्हणालात," त्या म्हणाल्या, "आणि आता आमच्यावरच दावा? असं फसवायचं नव्हतं." बाईंनी फोन ठेवल्यावरही मोबाइल साडूभाऊंच्या हातात तसाच होता.

हरकतीला उत्तर देता येत होतं. पण त्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, आवाज वापरायची परवानगी तुमच्याकडं आहे का, पुरावा जोडा. साडूभाऊंनी कपाटातून फाइल काढली. भंगारवाला होता, भाजीवाली होती, मी होतो. त्यांनी ती पुढून मागं आणि मागून पुढं चाळली. "सगळ्यांचे कागद आहेत," ते म्हणाले, "बापाचाच नाय." त्या दिवशी ते जेवले नाहीत. रोज ओरडणाऱ्या त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं सिल्लोडला गेलो. वाटेत साडूभाऊंनी भांडणाची तयारी केली होती. पस्तिशीतला स्टुडिओवाला मात्र इतका साधा निघाला की भांडण सुरूच होईना. "लिहिलं होतं ना, कुणीही घ्या म्हणून," तो म्हणाला. "म्या घेतलं. मग नोंद केली. म्या नसती केली तर दुसऱ्या कुणी केली असती."

"आवाज माझ्या बापाचा आहे," साडूभाऊ म्हणाले.

"असंल. पण गाणं आमच्या आईचं आहे. इचारा तिला."

स्टुडिओच्या मागंच त्याचं घर होतं. त्यानं हाक मारली आणि पंच्याहत्तरीची एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली. साडूभाऊंनी मोबाइलवर गाणं लावलं. तिनं दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "हे आमी बायांनी रचलं, कापूस येचताना. जलशाचा शाहीर आला व्हता गावात, तीन दिवस राहिला. त्यानं शेतात ऐकलं."

"माझ्या बापानं लिहिलंय हे, मावशी," साडूभाऊ म्हणाले, पण त्यांचा आवाज आधीच खाली आला होता.

"बाप्या माणूस ‘गं बाई’ म्हणून गाणं रचील व्हय?" ती शांतपणे म्हणाली.

मी तीस वर्षं मराठी शिकवतो. हे गाणं मी शंभरदा तरी ऐकलं असेल. त्या ‘गं बाई’पाशी मी एकदाही थांबलो नव्हतो. आणि ती बाई, समोर आम्ही नसल्यासारखी, कॅसेटमध्ये नसलेलं कडवं गायला लागली:

‘येचता येचता सांज झाली, वटी झाली जड
एक अक्षर लेकीला, एक माझ्याकडं’

साडूभाऊ खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, "मावशी, माझ्या बापानं हे नेताना तुमाला इचारलं व्हतं का?"

"इचारलं की. बांधावर उभा राहून म्हणला, बायांनो, हे गाणं नेऊ का. आमी म्हणलो, ने बाबा. पण घरात ठिवू नगंस, गात जा." मग ती लेकाकडं वळली. "आन् तू काय अडवून बसलास रे? त्या शाळंतल्या पोरींना गाऊ दे की."

स्टुडिओवाल्यानं आमच्यासमोर नोंद मागं घेतली. तो ओशाळला होता. साडूभाऊंनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. चारसहा दिवसांत गाणं परत आलं, मुलींचा नाचही बोलका झाला. पैठणच्या बाईंना साडूभाऊंनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. त्या आजीबाईंचं कडवं मात्र त्यांनी अजून कशात घातलेलं नाही. तिनं हो म्हटलं आहे, लेकानं कागदही करून दिला आहे. तरी ते थांबले आहेत; रचणाऱ्या बाकीच्या बायांचं काय, म्हणतात.

परवा दुपारी ते आमच्याकडं आले. चहा प्यायले. मग म्हणाले, "साडूभाऊ, बापानं कधी म्हणलं नव्हतं की गाणं माझं आहे. म्याच धरून चाललो व्हतो. लहानपणी रोज ऐकायचो. एकदा नुसतं बापाला म्हणलो असतो, दादा, हे कुणाचं वो? तर त्यानं सांगितलं असतं. त्या बायांची नावंसुदिक सांगितली असती. त्याला सगळ्यांची नावं याद ऱ्हायची."

मी किटलीत उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.