काकूंची इटली आणि अण्णांची छत्री

प्रवास माणसाला नम्र करतो. जग केवढं मोठं आणि आपण केवढे लहान, हे घर सोडल्याशिवाय कळत नाही, असं थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. देवरामअण्णा पाटलांनी पुष्कळ प्रवास केला. सप्तशृंगी गड, गिरनार, अंबाजी, उज्जैन. प्रत्येक ठिकाणाहून ते गेले होते त्यापेक्षा थोडे मोठे होऊन परत आले.

अण्णा घराबाहेर पडले की त्यांचा उजवा हात वर जायचा. हातात मिटलेली काळी छत्री, तिच्या टोकाला राणी कलरच्या साडीची चिंधी. आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळाच्या यात्रा अण्णाच नेत, आणि त्यांत माणसं चुकू नयेत म्हणून ही सोय त्यांनी केली होती, पण पुढे पुढे यात्रा नसली तरी हात वरच राहू लागला. सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या भाजीबाजारात अण्णा पुढे, छत्री वर, आणि मागून पिशवी घेऊन इंदूकाकू, असं दृश्य मी कितीदा तरी पाहिलं आहे. पावसातही छत्री मिटलेलीच असे. "उघडली तर मागच्यांना दिसणार काय?" असं ते विचारत आणि भिजत पुढे जात. मागचेही भिजत.

अण्णा मूळचे एरंडोलकडचे. तरुणपणी सुरतेला आले, लिंबायतमध्ये एका खोलीत राहिले, लूम चालवले आणि मग पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, शिरून डाइंग मास्टर झाले. रंगखात्यात नियम असा की आधी चिंधीभर कापड रंगवून पाहायचं. त्याची शेड पसंत पडली तरच सगळा माल मशीनमध्ये सोडायचा. अण्णांनी हा नियम कारखान्याच्या फाटकाबाहेर आणला आणि साऱ्या सृष्टीला लावला. "सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट टाकायचा नाही, सर," असं ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो आणि त्यांच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे ऐकणं मला भागच होतं. होणाऱ्या जावयालासुद्धा त्यांनी साखरपुड्याआधी मंडळाबरोबर गिरनारला नेलं. तो पायऱ्यांवर कुरकुरला नाही, म्हणून पास झाला. वर पोचल्यावर तो कुरकुरण्याच्या स्थितीत नव्हता, असं काकू सांगतात.

इटली या घरात शिरली ती साडीवरून. अण्णांच्या कारखान्यात एकदा एक भलतंच डिझाइन आलं. निळंशार पाणी, त्यात लांब चोचीच्या होड्या, मागे घुमट. काकू तेव्हा घरी साड्यांच्या घड्या घालून पेट्या भरायचं काम करायच्या. घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "हाई गाव कोठे शे?" अण्णा म्हणाले, "इटलीत. रिटायर झालो की दाखवतो." निळा रंग अण्णांनीच बनवला होता, त्यामुळे गावही आपल्याच हातातलं आहे असं त्यांना वाटलं असावं.

पुढे अण्णा निवृत्त झाले. शाल आणि श्रीफळ घेऊन घरी आले तेव्हा काकूंनी श्रीफळ देवापुढे ठेवलं, शाल कपाटात ठेवली आणि विचारलं, "मंग? इटली कव्हय जानं शे?"

पैसे होते. मुलगी आपल्या घरी सुखी होती. अडचण एकच होती, ती म्हणजे काकूंचे गुडघे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गुडघे बदलावे लागणार, आज ना उद्या. जिथे कुठे चालायचं असेल तिथे आत्ताच चालून घ्या." काकू राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टची जागा बिल्डरने फक्त नकाशात ठेवलेली. सुरुवातीला त्या जिना चढताना माझ्या दारापाशी भिंतीला टेकायच्या. नंतर मी तिथे एक खुर्ची ठेवली. मग त्या खुर्चीवर बसू लागल्या, आणि बसणं हळूहळू लांबू लागलं.

अण्णा मात्र इटली निवडत होते. गच्चीवर बैठका घेत होते. "देश मोठा शे, घाई करायची नाही," म्हणत होते. मंडळाचे लोक चहा पिऊन माना डोलवत होते.

आधी पुण्याच्या एका टूर कंपनीची सभा झाली, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. आपल्या माणसांबरोबर युरोप पाहा, असा त्यांचा एकूण सूर होता. समोरच्या बाई अण्णांशी पाच मिनिटं बोलल्या आणि प्रसन्न होऊन म्हणाल्या, "सुरतेत राहूनही तुमचं मराठी छान आहे हो."

"तुमचंही बरं आहे," अण्णा म्हणाले.

"म्हणजे इथे बरीच मराठी माणसं आहेत तर."

"पूर्वी यायची ती दोन दिवसांत परत जायची, ताई. आम्ही राहिलो, एवढाच फरक."

बाई हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी जेवणाचं विचारलं. वरण-भात, साजूक तूप, एका संध्याकाळी पुरणपोळी. "ठेचा?" "असतो ना. सौम्य असतो." अण्णा उठले. परत येताना रिक्षात म्हणाले, "सौम्य ठेचा म्हणजे काय, सर? सौम्य वाघ असतो का?"

मग जिग्नेशभाई आला. वराछाकडचा, तिशीतला, गोड बोलणारा. त्याच्या टूरबरोबर स्वयंपाकी महाराज जायचा, सकाळी थेपले आणि रात्री खिचडी-कढी. पण जेवण जैन. कांदा नाही, लसूण नाही. अण्णांना ते पुरेसं कारण होतं, पण काकू आतून म्हणाल्या, "लसणाची चटणी मी नेईन. डबा मोठा लागेल, एवढंच." कारण गेल्यावर अण्णांनी दुसरं काढलं. टूर मॅनेजर कसा चालतो, कसा बोलतो, माणसं कशी सांभाळतो, हे बघितल्याशिवाय नाव कसं द्यायचं?

"मास्टर, इटली का सॅम्पल कहाँ से लाऊँ?" जिग्नेशभाई म्हणाला.

"ते तुझं काम."

एक उन्हाळा असाच गेला. दिवाळी गेली. एके दिवशी काकू खुर्चीवर बसून गुडघा चोळत होत्या. मी पाणी आणून दिलं.

"सर, इटली कितीक लांब शे?"

"लांब आहे, काकू."

"यास्ना मांगे चाललं तं अजूनच लांब," त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून उठल्या.

जिग्नेशभाई मात्र सुरतचा व्यापारी माणूस. अख्खं मंडळ गिऱ्हाईक होण्याची शक्यता दिसत असताना तो हटणारा नव्हता. त्याने सॅम्पल शोधून काढलं. कतारगाम दरवाज्याकडे जुन्या इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. घुमट, खांब, कमानी, सगळा थाट राजवाड्याचा, आणि आत कोण, तर कापडाचे आणि मसाल्याचे व्यापारी. एकाने घुमट बांधला म्हणून दुसऱ्याच्या लोकांनी त्याहून उंच बांधला, असं म्हणतात. मेल्यानंतर चढाओढ लावण्यात एक सोय असते. हरलेलं कळत नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथे जमलो. जिग्नेशभाईने गळ्यात छोटा माइक अडकवला होता आणि हातात काडीला लावलेला पिवळा झेंडा होता. अण्णांच्या हातात छत्री होती. दोघांनी एकमेकांचे हात पाहिले.

"मास्टर, आज आप गेस्ट हो. छत्री नीचे रखो."

"चालू कर तू," अण्णा म्हणाले. छत्री वरच होती.

फाटकातून आत गेल्यावर जिग्नेशभाई उजवीकडे वळला. अण्णा दोन पावलं त्याच्या मागे गेले, थांबले आणि डावीकडे वळले. त्यांना तसं करायचं नसावं. पण पुढे दुसऱ्याचा हात वर आहे आणि आपण त्याच्या मागे चाललो आहोत, हे त्यांच्या पायांना जमेना. मंडळ सवयीने छत्रीमागे गेलं. मीही गेलो. अण्णांनी आम्हाला कबरींना वळसा घालून मागच्या वाटेने बाहेर काढलं, दोन गल्ल्या ओलांडल्या आणि लोचो या सुरती न्याहारीच्या गाडीपुढे उभं करून सगळ्यांच्या हातात द्रोण दिले. "याला म्हणतात ग्रुपची शिस्त," असं म्हणून त्यांनी सवयीप्रमाणे डोकी मोजली. मग पुन्हा मोजली.

काकू नव्हत्या.

अण्णांना इतक्या भराभर चालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आम्ही परत पोचलो तेव्हा काकू एका मोठ्या कबरीच्या पायरीवर ऐसपैस बसल्या होत्या आणि जिग्नेशभाई झेंडा काखेत धरून त्यांना समजावत होता, "ये सब लोग इधर कपडे के लिए आए थे, माजी. फिर इधर ही रह गए."

"एवढ्या लांबून? कपड्यासाठी?" काकू वर घुमटाकडे बघत होत्या. "म्हणजे आपलासारखाच शेतस."

अण्णा धापा टाकत पुढे आले. "इंदू, मागे राहिलीस कशी?"

"मी मागे नही राहिनू. तुम्ही पुढे निंघी गयात."

"याचा झेंडा बघ केवढासा. हात खाली धरतो. शेड एकदम फिकी आहे याची."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. हिशेब चुकलेल्या दुकानदाराला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "तुमना मांगे चालीसन माले आजलोंग छत्रीच दिसनी. गिरनारले छत्री, उज्जैनले छत्री. आज घुमट दिसनात." मग जिग्नेशभाईकडे वळून, "सॅम्पल पास शे, भाऊ. मन्हं नाव लिही ले. यास्नं यास्ले इचार."

मंडळाच्या हातात लोचोचे द्रोण तसेच होते. अण्णा छत्रीच्या टोकावरची चिंधी नीट करत उभे राहिले. ती नीटच होती.

घरी येताना त्यांची छत्री खाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले, चहा घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "सर, मी विचार केला. बाईमाणूस एकटी परदेशात. ग्रुपमध्ये एक तरी जबाबदार माणूस नको का?"

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी छत्री टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या हाताने मोठ्या बॅगेत तळाशी ठेवली. बॅग बंद करायचं काम काकूंकडे होतं.

परतल्यावर गच्चीवर सभा झाली. अण्णांनी इटली सांगितली. रोममध्ये गर्दी केवढी, पण आपली छत्री वर गेली की गोरेसुद्धा मागे यायचे. व्हेनिसच्या चौकात कबुतरं लाइनीत चालली. जिग्नेश पोरगा बरा आहे, पण शिकायला वेळ लागेल. लोक थक्क होऊन ऐकत होते. काकू एका बाजूला खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या.

त्यांची इटली मला नंतर जिन्यावरच्या खुर्चीत कळली. महाराजाची कढी गोड होती. चटणी मात्र साऱ्या बसने खाल्ली, जैन मंडळींनी डोळे मिटून. "मोठाच डबा नेला होता," काकू म्हणाल्या. "बॅगेत जागा करावी लागली."

"आणि ते साडीवरचं गाव?"

"पाहिलं. पाणी निळं नही, सर. हिरवं शे, शेवाळासारखं. मी यांना तिथेच सांगितलं, तुमचं सॅम्पल फेल." त्या हसल्या. "पूल लई. प्रत्येक पुलाला पायऱ्या. पण यांनी हात धरला होता माझा. प्रत्येक पायरीला. मोकळेच होते ना हात त्यांचे."

पुढच्या थंडीत अण्णा गेले. झोपेतच गेले, कुणाच्या मागे न जाता. काकूंचे गुडघे त्याआधीच बदलून झाले होते. अंत्ययात्रेत त्या जिना उतरून फाटकापर्यंत चालत आल्या.

मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी सांगितलं की अण्णांनी आपल्याला चालायला शिकवलं. मग मंडळाच्या हॉलमध्ये काचेची पेटी बसवली गेली, आतून दिवा लावलेली. तिच्यात राणी कलरच्या चिंधीसह ती छत्री उभी आहे आणि खाली पितळी पाटीवर कोरलं आहे: 'लिंबायत ते इटली, याच छत्रीने वाट दाखवली.' पहिला हार काकूंनी घातला. हार घालून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि समोर बघत राहिल्या. सभेत बऱ्याच जणांनी डोळे पुसले.

ते दोघं इटलीला गेले होते तेव्हा तुळशीला पाणी घालण्यासाठी त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. छत्री दारामागे होती, केरसुणीला टेकवून ठेवलेली.