पाच ढेपांचे मास्तर

वजनकाट्यावर चढण्यापूर्वी मास्तर आधी चपला काढत. मग पैशांची चामडी पिशवी, मग तिकिटांची पेटी, मग टोपी. शेवटी फुस्सकन श्वास सोडून म्हणत, "आता बगा भाऊ. पोटातली हवासुदिक काढलीय."

भोरच्या एसटी स्टँडवर मी पार्सलच्या खिडकीत होतो. हा काटा सामानासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे सांगून मी थकलो होतो. गोण्या परवडल्या हो, निदान वजनावरून वाद तरी घालत नाहीत. मास्तर आकडा ऐकून खाली उतरत, काट्याभोवती एक फेरी मारत आणि निकाल देत, "ह्यो गंजलाय."

एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमचे मास्तर हिर्डोशीच्या गाडीवर होते. सत्तर सालाच्या आसपास त्यांना अल्सर झाला, पुण्याला ऑपरेशन झालं आणि निम्मं पोट काढून टाकलं. आम्हाला वाटलं, आता माणूसही निम्मा होऊन येणार. दोन महिन्यांनी मास्तर कामावर आले ते पूर्वीसारखेच, गाडीच्या दारातून आडवे होऊन शिरणारे. "डाक्टरनं पोट बारीक केलं, पर भूक हाय तेवढीच ठेवली," असं ते ज्याला त्याला सांगायचे.

डॉक्टरांनी त्यांना थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खायला सांगितलं होतं. आता उभी हयात एसटीत गेलेला माणूस वेळ घड्याळात मोजत नाही, थांब्यात मोजतो. मास्तरांनी दर थांब्याला चार घास असा हिशेब बसवला. आणि हिर्डोशीची गाडी तर कुणी हात केला तरी थांबायची. एका थांब्यावर नाचणीची भाकरी, पुढच्यावर उकडलेल्या शेंगा, त्याच्या पुढं ताक. ऑपरेशन झालेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं, म्हणून आयाबाया डबे घेऊन रस्त्यावर उभ्याच असत. ड्रायव्हर चरफडत बसायचा. "चारच घास घेतो, देवाशप्पत," मास्तर सांगायचे, आणि ते खरंही होतं.

वजन उतरत नव्हतं असं नाही. पण वरंधा घाटात भरलेला ट्रक उतरतो तसं, करकचून ब्रेक लावून.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मधे मास्तरांची म्हातारी आई होती. ती हिर्डोशीला राहायची. ऑपरेशनच्या वेळी ती नवस बोलली होती, लेक वाचला तर त्याच्या भारोभार गूळ भैरवनाथाला वाहीन आणि नवस फिटेपर्यंत तोंडाला गोड लावणार नाही. ही बाई सकाळी उठल्यावर देवाच्या आधी गुळाच्या डब्याचं दर्शन घेणारी. आता ती बिनगुळाचा कोरा चहा तोंड वाकडं करून प्यायची. गुळाच्या ढेपा घरात येऊन पडल्या होत्या. लेकानं पारड्यात बसायचं तेवढं बाकी होतं.

आणि लेक बसेना. जत्रेला सगळा गाव जमणार, एकावर एक ढेपा चढणार, माणसं खिदळणार. "जरा बारीक हुतो, मग बसतो," एवढंच त्यांचं पालुपद. माझ्या काट्यावर दर आठवड्याला चाललेली वारेमाप मेहनत ती याच्यासाठी.

गाडी हिर्डोशीला पोचली की म्हातारी थांब्यावर हजर. मास्तरांना खालून वर न्याहाळायची आणि खड्या आवाजात सांगायची, "आजून पाच ढेपांचाच हायस रं तू!" गाडीभर हशा व्हायचा. मास्तर घाईघाईनं डबल बेल मारायचे.

अशा दोन जत्रा टळल्या. मग एकदा म्हातारी थांब्यावर आलीच नाही. मास्तर धावत घरी गेले तर ती तापानं पडलेली, आणि बशीतला तो कडू चहा तिच्या हातातून गोधडीवर सांडत होता. दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या खिडकीशी आले. चपला काढल्या नाहीत.

"भाऊ, आय हिंडाय-फिराय लागली की चला हिर्डोशीला. बसतो म्या."

"आणि वजन?"

"जेवढं हाय तेवढं."

मी गेलो. देवळापुढच्या आंब्याच्या फांदीला मोठी तागडी टांगली होती. एका पारड्यात मास्तर मांडी घालून, डोळे गच्च मिटून बसले. दुसऱ्यात एक ढेप, दोन, तीन, चार, पाच. मास्तर जमिनीवर ते जमिनीवरच. लोक तोंडात पदर आणि टोप्या कोंबून हसत होते. गुरवाला दया आली. तो वाकून म्हणाला, "मास्तर, जरा उतरून बसा. तुमच्या जागी तुमचं उपरणं ठिवू पारड्यात. देव काय मोजाय येत न्हाई."

मास्तर उठायलाच निघाले होते.

"बस खाली!" म्हातारी कडाडली. तिनं घरातून सहावी ढेप आणवली. ती तिनं आधीच घेऊन ठेवलेली होती. मग लेकाजवळ येऊन म्हणाली, "आरं, तू जगावं म्हून नवस बोलले म्या. बारीक व्हावं म्हून कुठं बोलले?"

सहावी ढेप पडली आणि मास्तर हळूच वर उचलले गेले. एवढा मोठा माणूस अधांतरी बसून लहान मुलासारखा रडायला लागला. पारडं झोके घ्यायला लागलं. गुरव दोर धरून ओरडत होता, "हालू नका मास्तर, फांदी मोडंल!" मीही हसत होतो आणि डोळेही पुसत होतो, दोन्ही एकदमच.

त्यानंतर दोन पावसाळे म्हातारी चहा गोड प्यायली. मग ती गेली.

आणि इतकी वर्षं जे उतरेना ते वजन महिन्याभरात उतरलं. मास्तरांचा खाकी शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. गाडीत चढणारी माणसं कौतुकानं म्हणायची, "मास्तर, जमलं की हो शेवटी!"

"व्हय," म्हणून ते तिकीट फाडून हातात द्यायचे.