वनस्पतिशास्त्राचे अंतर्गत गुण

उत्तरपत्रिका ठरावीक काळ कपाटात ठेवायच्या आणि मग रद्दीत द्यायच्या, असा आमच्या कॉलेजचा नियम आहे. किश्शांना तसा नियम नाही, ते साचतच जातात. नवीन जालन्याहून जाफराबादच्या बाजूला मी रोज एसटीनं जाते-येते. शेजारी कुणी ओळखीचं बसलं की त्यातला एखादा निघतोच. सांगताना आता हसू येतं. घडत होते तेव्हा मात्र नोकरी जाते की काय असं वाटायचं. कारण मी वनस्पतिशास्त्र शिकवते ते तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं तर नोकरी, नाहीतर घरी.

*

नवा अभ्यासक्रम आला आणि अंतर्गत गुण वाढले. म्हणजे मुलांना वर्षभर आम्हीच तपासायचं. पहिल्या असाइनमेंटला मी विषय दिला, 'आमच्या बांधावरच्या पाच वनस्पती'. म्हटलं, हे तरी कुणी कुठून उतरवणार नाही.

अकरा जणांच्या बांधावर देवदार निघाला. सोयाबीनच्या बांधावर हिमालयातला देवदार! आणि अकराही जणांचा अगदी एकाच उंचीचा.

त्यातल्या गणेशला बोलावलं. तो मान खाली घालून उभा राहिला. रागावून काही निघेना, म्हणून साधं विचारलं, की बाबा, तुझ्या बांधावर खरंच काय आहे? त्यानं न अडखळता सांगितलं: बाभूळ, बोर, हिवर, निरगुडी, तरवड. झाली की पाच! वर तरवडाच्या फुलांचं काय करतात तेही सांगितलं. मग हे का नाही लिहिलंस, म्हटलं.

"ते काय लिहायचं मॅडम?" तो म्हणाला. "ते तर आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत असतंय."

त्या दिवशी मी एकही असाइनमेंट तपासू शकले नाही.

*

मी ठरवलं, आता लेखी नको, तोंडीच घ्यायची. आमचे विभागप्रमुख काळे सर निवृत्तीला आलेले, नियमाला पक्के. ते म्हणाले, तपासणी समिती आली तर तिला काय दाखवणार? मुलं बोलली होती, असं? तरी त्यांनी सही केली, पण सहीखाली लिहिलं, 'संबंधित शिक्षकाच्या जबाबदारीवर'.

पहिलीच आली फरहीन, वर्गात पहिली येणारी. घरी उर्दू, पण मराठी अक्षर छापल्यासारखं. निम्मा वर्ग तिच्याच वह्या उतरवायचा. मी सोपा प्रश्न विचारला. ती गप्प. दुसरा विचारला, तरी गप्प. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग माझं तिच्या हाताकडं लक्ष गेलं. ती टेबलावर बोटानं उत्तर लिहीत होती, अगदी मथळे आणि मुद्दे टाकून. दहा मिनिटं संपली आणि माझ्या नियमानं तिला शून्य मिळालं. बाहेर जाऊन ती कॉरिडॉरमध्ये भिंतीकडं तोंड करून रडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. शिलाईकाम करणारा माणूस, मोटरसायकल बाहेर लावून दारातच उभे राहिले. मला वाटलं, आता प्राचार्यांकडं तक्रार जाणार आणि जून माझ्या हातून गेला. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, हमारी लडकी घर में भी इतनाच बोलती. फेल नक्को करो उसको. थोडा टाइम देव."

मी रात्रभर तेच घोळवलं आणि परीक्षा परत घेतली. या वेळी दोघी-दोघी आत आल्या. प्रश्न मैत्रिणीनं विचारायचा, मी कोपऱ्यात बसायचं. फरहीन मैत्रिणीकडं तोंड करून जे बोलायला लागली ते थांबेचना. दारात काळे सर येऊन उभे राहिले होते, ते तिला दिसलंही नाही.

ती गेल्यावर सर आत आले. मी उभी राहिले. ते म्हणाले, "पुढच्या वेळी मोबाईलवर रेकॉर्ड करा. पुरावा होईल."

*

पुढची चाचणी मी पुस्तक उघडं ठेवून घ्यायची ठरवली. प्रश्नपत्रिकेत एकच मोठा प्रश्न होता: शेतातलं सोयाबीन पट्ट्यापट्ट्यानं पिवळं पडतंय. तुम्ही काय काय तपासाल, कोणत्या क्रमानं, आणि का?

आमचे लॅबमधले शेखमामा उभा जन्म कॉप्या पकडत आलेले. मुलं पुस्तकं काढून बसलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन पुस्तकं जप्तही केली. मी समजावलं, तर म्हणाले, मॅडम, तुमचं बराबर असंल, पर माझ्या डोळ्याला ह्ये बिलकुल चालंना. आणि हॉलकडं पाठ करून खिडकीत उभे राहिले.

नेमके त्याच वेळी प्राचार्य एका पाहुण्याला घेऊन वर्ग दाखवत आले. पाहुणे संस्थेचे संचालक, स्वतः शेती करणारे. दारातून त्यांना दिसलं ते असं: सगळ्या बाकांवर पुस्तकं उघडी, पर्यवेक्षक खिडकीतून बाहेर बघतायत, आणि मॅडम मुलांना सांगतायत की पान उलटायला घाई करू नका.

प्राचार्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. संचालकांनी एका मुलीची प्रश्नपत्रिका उचलली, तिचंच पुस्तक ओढून घेतलं आणि बाकाच्या टोकाला बसले. पानं चाळत राहिले. अनुक्रमणिका पाहिली, मागून पुढं पाहिलं. प्राचार्य उभे, मी उभी. पाचेक मिनिटांनी त्यांनी पुस्तक मिटलं.

"ह्याचं उत्तर यात न्हाई," ते म्हणाले.

"नाही सर," मी म्हटलं. "म्हणूनच पुस्तक दिलंय."

ते उठले. जाता जाता प्राचार्यांना म्हणाले, की पेपर झाल्यावर पोरांची उत्तरं मला पाठवून द्या, माझंबी एक वावर पिवळं पडून राह्यलंय.

*

सविता तिसऱ्या वर्षाला होती. ऑगस्टपासून ती वर्गात दिसेनाशी झाली. त्या दिवसांत कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं, म्हणजे हातानं संकर करायचं काम चालतं. दुपारनंतर मादी झाडाची कळी सोलून तिचे स्वतःचे परागकोष काढायचे, दुसऱ्या सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर पराग लावायचा, अशा हजारो कळ्या. सविता ते काम शाळेपासून सुटीत करत आली होती. या वर्षी घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती रोजच जायला लागली. हजेरी कमी पडली आणि तिचं नाव परीक्षेतून निघायच्या यादीत आलं. मी काळे सरांकडं गेले. त्यांनी सविताकडून खुलासा लिहून घेतला आणि तिला बसू दिलं. यावेळीही सहीखाली माझी जबाबदारी होतीच.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले होते. शांत, पण काटेकोर. सविताला चिठ्ठीत आलं, कपाशीच्या कळीतले परागकोष काढणे. समोर चिमटा, सुई, भिंग मांडलेलं. तिनं त्यातल्या कशालाही हात लावला नाही. अंगठ्याच्या नखानं कळीच्या बुडाशी चीर दिली, एक हलका पीळ दिला, आणि पाकळ्या परागकोषांसकट टोपीसारख्या हातात आल्या. आत मादीचा दांडा अख्खा उभा. एवढं सगळं मी श्वास घेईपर्यंत झालं.

"चिमटा वापरला नाही," परीक्षक म्हणाले. "कृतीचे टप्पे लिहिले नाहीत. ही पद्धत नाही." आणि त्यांनी गुणपत्रकात वीसपैकी सहा लिहिले. पासला आठ लागत होते.

मला बोलायचा अधिकार नव्हता. काळे सर खुर्चीत ताठ बसून होते. त्यांनीच तोंड उघडलं, अगदी हळू. म्हणाले, सर, पुस्तकातली पद्धत एकदा आपणच करून दाखवा, म्हणजे मुलीला कळेल.

परीक्षकांनी चष्मा नीट केला, चिमटा घेतला. पहिल्या कळीत मादीचा दांडाच मोडला. सवितानं दुसरी पुढं केली. तीही गेली. तिसरी चुरगळली. मग त्यांनी चिमटा बाजूला ठेवला आणि अंगठा पुढं केला. सवितानं कळी कशी धरायची, नख कुठं लावायचं, ते आपल्या हातानं दाखवलं. चौथी फसली, पाचवी कळी नीट सुटली.

परीक्षकांनी हात पुसले. सहावर आडवी रेघ मारली, शेजारी अठरा लिहिलं आणि सही केली. मग सविताकडं बघून विचारलं, "आणि मला किती देशील?"

सवितानं त्यांनी सोललेली कळी हातात घेऊन उजेडाकडं धरली, फिरवून बघितली.

"प्लॉटवर तुमाला न्हाई ठेवायचे, सर," ती म्हणाली. "हात लई हळू हाय."