दावं सोडायचं राहिलं

आमच्या अग्निशमन दलाला रबरी बोट मिळाली तेव्हा गावानं आमची यथेच्छ थट्टा केली. नगर जिल्ह्यात उन्हाळा लागला की पाण्याचे टँकर फिरतात, इथं बोट काय डांबरी रस्त्यावर चालवणार? मीही हसलो होतो. पण आपल्याकडे थेंब पडला नाही तरी वर नाशिककडे पडतो, धरणांची दारं उघडतात आणि गोदावरी इथल्या कोरड्या आभाळाखाली घरांत शिरते.

त्या दुपारी आम्ही पुणतांब्याच्या अलीकडे नदीकाठच्या एका वस्तीवर बोट नेली. शेवटच्या घरात साठीची एक बाई, तिची सून आणि सुनेच्या कडेवर पोर. पाणी ओट्याला लागलं होतं. सून पोराला घेऊन लगेच बोटीत बसली. बाई बसेना. मागच्या गोठ्यात तिची दुभती म्हैस बांधलेली होती.

"मावशी, चला लवकर," मी म्हणालो.

"म्हस बोटीत मावायची न्हाई, ह्ये मला बी कळतंय. पन दावं तरी सोडून येते, दादा. ती पवून जाईल कुठंबी."

मी नको म्हणालो. सुटलेलं जनावर मालकिणीमागे पोहत येतं, आणि शिंग रबराला लागलं तर सगळेच पाण्यात. ही भीती खरी होती, पण निम्मीच. उरलेली निम्मी घाई होती. बाई एकदा गोठ्यात शिरली की म्हशीच्या गळ्यात पडून बसेल, मग तिला ओढून काढावं लागेल, असं मला वाटलं. म्हणून मी वेळ मारून नेली.

"राहू द्या बांधलेली. पुढच्या खेपेला मोठा दोर आणतो, तिला काठाला ओढून नेऊ."

अशी थाप आम्ही सगळेच मारतो. कोंबड्या, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, सगळं पुढच्या खेपेला. त्याशिवाय माणसाचा पाय घरातून निघत नाही.

"नक्की ना?" तिनं विचारलं.

"शब्द देतो," मी म्हणालो. शब्द द्यायची तर काहीच गरज नव्हती. ती बसायलाच निघाली होती.

काठावर उतरलो तोच फोन आला. दुसऱ्या वस्तीवर शाळेच्या गच्चीवर माणसं अडकली होती. तिकडे जाणं भागच होतं, त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. तिथून परतलो तेव्हा तिच्या गोठ्याच्या पत्र्याची नुसती कड दिसत होती.

पाणी ओसरल्यावर घरांतला गाळ धुवायला आम्ही बंब घेऊन त्याच वस्तीवर गेलो. तिच्या अंगणात तलाठी पंचनाम्याला आले होते. गोठ्यात खुंटा जागेवर होता, दावंही होतं. चांगलं नवं, मजबूत दावं. म्हैस त्याच्याच टोकाला सापडली होती.

"मावशी, दावं का नाही सोडलं? पोहून निघाली असती की," तलाठ्यांनी सहज विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हातात पाइप धरून दहा पावलांवर उभा होतो.

"गडबडीत इसरले," ती म्हणाली. "माजीच चूक."

सून काहीतरी बोलणार होती, तिला तिनं हातानंच गप्प केलं.

मी पाइप वळवून ओट्यावरचा गाळ धुवायला लागलो. दोन शब्द बोललो असतो तर माझी नोकरी जाणार नव्हती, फार तर तलाठ्यांनी मान हलवली असती. म्हैस गेली त्यापेक्षा त्या गप्प बसण्याची मला जास्त लाज वाटते. आता कुठल्याही वस्तीवर बोटीतून उतरलो की मी आधी गोठ्यात जातो, दावी सोडतो, मग माणसांना हाका मारतो. बरोबरचे म्हणतात, याला जनावरांचा भारी लळा. मी त्यांना तसंच समजू देतो.

त्या दिवशी निघताना तिनं आम्हाला चहाला थांबवलं. नको म्हटलं तरी ऐकेना. माझ्या हातात कप दिला. चहा कोरा होता.

"दूध न्हाई, दादा," ती म्हणाली आणि ओशाळली.

मी चहा संपवला. तलाठी अजून अंगणातच लिहीत बसले होते.